पिशवीतल्या सगळ्या गोळ्या एकत्र कोण बघतं?

नागपूरच्या सदरमध्ये डॉक्टरांची वानवा नाही. रेसिडेन्सी रोडवरून मंगळवारी बाजाराकडे पायी निघालं तरी दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि मेडिकलची दुकानं लागतच जातात. महापालिकेचं रोगनिदान केंद्र सदरमध्येच आहे, आणि धंतोली-रामदासपेठेतले मोठे स्पेशालिस्ट ऑटोने फार लांब नाहीत. एवढं सगळं हाताशी असूनही इथल्या एखाद्या सत्तरीच्या माणसाच्या औषधांचा पूर्ण हिशेब बहुतेक वेळा कोणाकडेच नसतो. बीपीची गोळी फॅमिली डॉक्टरांनी सुरू केलेली, रक्त पातळ करायची गोळी धंतोलीच्या हृदयरोगतज्ज्ञांची, गुडघ्यांसाठीची हाडांच्या डॉक्टरांची, ॲसिडिटीची मेडिकलवरून स्वतःच आणलेली, आणि झोपेची शेजारच्या काकूंनी सुचवलेली. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. त्या सगळ्या गोळ्या एकाच पोटात जातात, तेव्हा काय होतं हे बघणारं कोणी नसतं.

हे बघण्याचं काम ज्याचं असायला हवं, तो क्लिनिकल फार्मासिस्ट. हा औषधं मोजून देणारा माणूस नव्हे. आजार डॉक्टरांनी ओळखायचा. त्या आजारासाठी दिलेलं औषध या माणसाच्या वयाला, किडनीला, खिशाला आणि इतर गोळ्यांना मानवतंय का, हे याने तपासायचं. मोठ्या इस्पितळांत ही माणसं आता दिसू लागली आहेत. आपल्याला त्यांची खरी गरज आहे ती मात्र गल्लीतल्या दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा हे वर्षानुवर्षांचे आजार तिथेच सांभाळले जातात आणि गोळ्यांची संख्याही तिथेच वाढत जाते.

एक उदाहरण घेऊ. बाई कल्पित आहेत, पण औषधांचा क्रम रोजच्या ओपीडीतला आहे. अडुसष्ट वर्षांच्या आजींना बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू झालं. बीपी उतरेना, म्हणून ५ मिलिग्रॅमचं १० झालं. दोन-तीन महिन्यांत घोट्यांवर सूज आली. या औषधाने बारीक रोहिण्या सैलावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो. अंगात पाणी जास्त झाल्याची ही सूज नव्हेच. पण दुसऱ्या दवाखान्यात सूज पाहून लघवी वाढवणारी गोळी दिली गेली. तिने सूज फारशी उतरली नाही. सोडियम-पोटॅशियम मात्र खाली आलं आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. ‘चक्कर येते’ म्हटल्यावर चक्करेची गोळी मिळाली. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनसारखी ही औषधं म्हातारपणी महिनोन्‌महिने घेतली तर हात थरथरू लागतात, चाल मंदावते. मग कंपवाताची शंका, त्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, आणि त्या गोळीने तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, विसराळूपणा. बद्धकोष्ठासाठी आणखी एक चूर्ण.

मूळ बीपीची एक गोळी, तिच्या मागे चार औषधं, आणि घरचे म्हणतात, ‘आजीचं वय झालं.’ या क्रमात कुठल्याही डॉक्टरांनी निष्काळजीपणा केलेला नाही. समोर दिसलेल्या तक्रारीवर प्रत्येकाने उपाय केला, इतकंच. अशा साखळीला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिच्यावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. साखळी तोडायची तर कोणीतरी मागे जाऊन पहिल्या कडीपर्यंत पोचावं लागतं. त्यासाठी तारखा लागतात: कुठली गोळी कधी सुरू झाली आणि कुठला त्रास त्यानंतर किती दिवसांनी. आणि तारखा लावायला वेळ लागतो.

वेळेचंच तर दुखणं आहे. बीएमजे ओपनमध्ये २०१७ साली ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा छापून आला होता. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी २२ मिनिटांहून जास्त, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे २ मिनिटं. दोन मिनिटांत बीपी बघून होतं, चिठ्ठी लिहून होते. सात गोळ्यांचा इतिहास काही निघत नाही.

क्लिनिकल फार्मासिस्टची बैठक वीस मिनिटं, अर्धा तास चालते. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगायचं: चालू, बंद, अर्धवट, आयुर्वेदिक, डोळ्यांत घालायचे थेंब, टीव्हीवर बघून मागवलेली पावडरसुद्धा. मग गोळ्यांचा एकेक पत्ता टेबलावर ठेवायचा. इथे प्रश्न कसा विचारला जातो यावर सगळं अवलंबून असतं. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ याला उत्तर ‘हो’ हेच येतं. ‘आजी, या पत्त्यातल्या चार उरल्यात, कुठल्या वेळची गोळी राहून जाते?’ असं विचारलं की आजी मोकळ्या होतात: ‘दुपारची न बाबू, ते घेतली का गुंगी येते, मंग सैपाक कोन करन?’ जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवलं आहे की विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं नीट घेतात. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, म्हणून ते डोस वाढवतात. खरं तर औषध पोटात गेलेलंच नसतं.

टेबलावर काय काय सापडतं! दम्याच्या यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल कोणी पाण्याबरोबर गिळत असतं. टेल्मिसार्टनची गोळी कंपनीच्या नावाने एका डॉक्टरांकडून आणि मूळ नावाने जनऔषधी केंद्रातून, अशी दोनदा चालू असते, कारण पत्त्यांचे रंग वेगळे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकदमच घेतलं जातं, त्यामुळे थायरॉइडचं औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. कोणाच्या पायांना मुंग्या येतात त्यावर गोळी चालू असते, पण वर्षानुवर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतल्याने बी-१२ कमी झालंय का, हे तपासलेलंच नसतं. सगळ्यांत धास्तीची गोष्ट मेथोट्रेक्सेटची. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर अस्थिमज्जा बंद पडू शकते, आणि अशा चुकीने जगभर माणसं दगावली आहेत. पत्त्यावर ‘फक्त सोमवारी’ असं मराठीत ठळक लिहून देणं, हे जीव वाचवणारं काम आहे.

बैठकीनंतर फार्मासिस्ट डॉक्टरांसाठी एक छोटं टिपण लिहितो: ही गोळी दुहेरी आहे, हिचा डोस या क्रिएटिनिनला (किडनीचं काम दाखवणाऱ्या आकड्याला) जास्त वाटतो, ही सूज औषधाची असू शकते, पर्याय असे. बदल करायचा की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आपल्या कायद्यातही तसंच आहे. चिठ्ठीतलं औषध फार्मासिस्टला परस्पर बदलून देता येत नाही. ‘फार्मासिस्ट आता डॉक्टरकी करणार का?’ ही भीती काही डॉक्टर बोलून दाखवतात. तिला एक उत्तर या कायद्यातच आहे, दुसरं अनुभवाचं. ज्यांच्या हाताशी असा सहकारी असतो, त्यांना पुढे तो सोडवत नाही.

या कामाची सुरुवात इस्पितळांत झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ मध्ये नवव्या मजल्यावर एक प्रयोग झाला. फार्मासिस्टना औषधभांडारातून काढून थेट वॉर्डात बसवलं गेलं. १९९० मध्ये हेप्लर आणि स्ट्रँड या अमेरिकन प्राध्यापकांनी मांडलं की औषध हातात दिल्यावर फार्मासिस्टची जबाबदारी संपत नाही. त्या औषधाने रुग्णाचं काय झालं, इथपर्यंत ती जाते. प्राथमिक सेवेत हा विचार सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणला इंग्लंडने. २०१५ मध्ये तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट नेमण्याचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला आणि २०१९ पासून त्यांच्या पगारासाठी सरकारी निधीची कायम सोय झाली.

मला मात्र सर्वांत भावलेला प्रयोग लॉस एंजेलिसच्या सलूनमधला आहे. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये बीपीचं प्रमाण मोठं, आणि दवाखान्यात जायची टाळाटाळही मोठी. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या गटाने ५२ सलूनमधले ३१९ पुरुष निवडले. एका गटाला न्हावी फक्त राहणीमान सुधारायला आणि डॉक्टरांकडे जायला सांगत. दुसऱ्या गटासाठी फार्मासिस्ट सलूनमध्येच येऊन बीपी मोजत आणि डॉक्टरांशी आधी झालेल्या करारानुसार औषधं ठरवत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं वरचं बीपी सरासरी ९ अंकांनी उतरलं होतं, दुसऱ्याचं २७ अंकांनी. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते प्रसिद्ध झालं. औषधं नवीन नव्हती, नेहमीचीच होती. ती नेटाने कोणी तरी जुळवत होतं, एवढाच फरक. फार्मासिस्टने औषधं तपासल्यामुळे मृत्यू किती टळतात हे ठामपणे दाखवणं अजून जमलेलं नाही, हेही सांगायला हवं. बीपी आणि साखर आटोक्यात येण्यावरचा परिणाम मात्र पुन्हा पुन्हा दिसला आहे.

आपल्याकडे फार्मसी ॲक्ट १९४८ चा. नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध द्यावं, हे तेव्हापासून कायद्यात आहे. व्यवहारात कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस घरी, अशी स्थिती राहिली. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना महाराष्ट्रात त्यावर कडक मोहीम निघाली, दुकानदारांनी बंद पुकारले, वाद पेटला. त्या वादात ‘फार्मासिस्ट हजर हवा’ याची चर्चा खूप झाली. हजर राहून त्याने करायचं काय, याची फार कमी. २००८ मध्ये फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला, ज्यात शेवटचं वर्ष इस्पितळातल्या इंटर्नशिपचं असतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समुपदेशन हे कर्तव्य ठरवलं, आणि २०२१ च्या दुरुस्तीत ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हे पद पहिल्यांदा नियमांत आलं. कागद तयार आहे. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र औषध निर्माण अधिकारी अजून खिडकीआड बसतात, ई-औषधी या संगणकप्रणालीवर साठा भरतात, आणि रांगेतल्या माणसाच्या हातात पत्ते ठेवून ‘एक सकाळी, एक रात्री’ म्हणतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रांग लांब असते आणि त्यांच्या कामाचं मोजमाप साठ्याच्या नोंदवहीवरून होतं.

गोवा-महाराष्ट्रात हे काम कोणी केलंच नाही असं नव्हे. पणजीच्या हिंदू फार्मसीत राज वैद्य यांनी दुकानाच्या काउंटरवरूनच रुग्णांना औषधं समजावून सांगण्याची शिस्त लावली. मुंबई परिसरात २००६ पासून इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मंजिरी घरत यांच्या पुढाकाराने मेडिकलवाल्यांना क्षयरोगाच्या कामात ओढलं: लांबलेला खोकला दिसला की सरकारी केंद्रात पाठवायचं आणि डॉट्सच्या गोळ्या दुकानात समोर बसवून द्यायच्या. आणि आपल्या शेजारीच, भंडारा व वर्धा जिल्ह्यांत, भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पहिल्या टप्प्यातच पोचला; महाराष्ट्रातून त्यांच्यासोबत सातारा आणि सिंधुदुर्ग होते. एकच साधी उपचारपद्धती, महिनाभराची औषधं एकदम, आणि जो आला नाही त्याला फोन. डॉक्टरांवरचा भार परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी वाटून घेतला की बीपी आटोक्यात येतं, हे तिथे दिसलं. त्या चमूत फार्मासिस्टला गोळ्या देण्यापलीकडचं काम दिलं, तर ते निभवायला लागणारं शिक्षण त्याच्याकडे आधीच आहे.

नागपुरात तर या कामाला इथलाच एक ऋतू आहे. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४४-४५ तर दरवर्षीचंच. घामाने अंगातलं पाणी आटलेलं असताना टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही तिन्ही एकत्र पोटात असतील, तर किडनीचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो. हिवाळ्यात खपून गेलेली ही तिकडी मे महिन्यात क्रिएटिनिन वाढवते. उलट्या-जुलाब झाले तर या गोळ्या, शुगरच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन दोन दिवस थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावं लागतं. रात्री दोनला ते सुचत नाही. तिखट ऊन पडायच्या आत, मार्चमध्ये, साठीपुढच्या प्रत्येकाची औषधं एकदा तपासून घ्यावी, हे नागपूरच्या क्लिनिकल फार्मासिस्टचं पहिलं काम असावं असं मला वाटतं. इन्सुलिनचंही तसंच. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण फ्रीझरला चिकटून नाही. उघडलेलं साधारण ३० अंशांखाली चार आठवड्यांपर्यंत टिकतं, आणि मे महिन्यात एवढी गार खोली कोणाकडे असते? ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना माठाचा आधार आहे: मोठ्या माठात थोडं पाणी, त्यात लहान मडकं, आणि मडक्यात कोरड्या डब्यातली बाटली. आपली हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय इथे मुंबईपेक्षा चांगला चालतो. (संत्र्याबद्दलही लोक विचारतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांना ग्रेपफ्रूट चालत नाही, पण नागपुरी संत्रं वेगळ्या जातीचं. त्याची तशी धास्ती नको. किडनी बिघडलेली असेल तर पोटॅशियममुळे ते बेताने खावं, एवढंच.)

इथला दुसरा विषय सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. विदर्भात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं त्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं आणि असह्य दुखण्याचे झटके कमी होतात. पण परिणाम दिसायला काही महिने लागतात, रोज घ्यावं लागतं, ठरावीक काळाने रक्तपेशी मोजाव्या लागतात, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. ‘हे कॅन्सरचं औषध आहे’ असं कोणी तरी सांगतं आणि आई-वडील ते बंद करतात. मग झटका आला की दुखण्याच्या गोळ्यांचा मारा, आणि आधीच नाजूक असलेल्या किडनीला त्या गोळ्या सोसत नाहीत. इथे कोणी तरी दर महिन्याला त्या मुलाच्या आईशी बोलायला हवं. तज्ज्ञांना एवढा वेळ देणं अवघड आहे.

अडचण पैशांचीही आहे. मेडिकलचं उत्पन्न विक्रीतून येतं. ‘काका, या सातातल्या दोन गोळ्या बहुधा लागत नाहीत, डॉक्टरांना विचारा’ असं सांगणाऱ्या फार्मासिस्टचा गल्ला तेवढाच कमी होतो, आणि त्या अर्ध्या तासाचं शुल्क आपल्याकडे कोणी देत नाही. हे काम दुकानाच्या नफ्यावर सोडलं तर ते होणार नाही, म्हणून ते सार्वजनिक पगारावर यायला हवं.

सदरमध्ये ते कसं जमेल हे डोळ्यांपुढे आणता येतं. आजूबाजूच्या नागरी आरोग्य केंद्रांसाठी मिळून एक क्लिनिकल फार्मासिस्ट; प्रत्येक केंद्रात आठवड्यातला एक ठरलेला वार; पाचपेक्षा जास्त औषधं चालू असलेले, साठीपुढचे, किडनीचे, सिकलसेलचे रुग्ण आधी. महापालिकेच्या प्रयोगशाळेतले क्रिएटिनिनचे आणि साखरेचे आकडे त्याच्या समोर असावेत, आणि वैद्यकीय अधिकारी शेजारच्या खोलीत. फार्म. डी. झालेली मुलं-मुली आज औषध कंपन्यांच्या डेटा एन्ट्रीत नाही तर परदेशाच्या वाटेवर आहेत. त्यांना अशी एक जागा तरी इथे निघावी.

तोवर तुम्हाला करता येण्यासारखं थोडं आहे. घरातल्या प्रत्येक औषधाचं मूळ नाव, डोस, कशासाठी आणि कोणी दिलं, एवढं एका कागदावर लिहा आणि तो प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा. मेडिकलवर नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण आहेत ते विचारा. तो तुमचा हक्क आहे. नवी गोळी सुरू झाल्यावर नवी तक्रार उद्भवली, तर तिच्यावर आणखी गोळी घेण्याआधी ‘हे त्या औषधामुळे असेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. काही औषधं एकदम थांबवली तर जास्त घात होतो. आणि औषधाचा त्रास झालाच, तर तो कळवायला देशपातळीवरचा निःशुल्क क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. तिथे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्याप्रमाणे रुग्णालाही स्वतः फोन करता येतो. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि त्रास कधी सुरू झाला, एवढं हाताशी ठेवून बोला.